चव्वेचाळीस जणांची हजेरी

बुधवार, १२ जुलै २०२३. ल्यों

चौतीस वर्षं मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. रोजची सुरुवात हजेरीने. नाव घ्यायचं, मान वर करून त्या तोंडाकडे बघायचं, मग खूण करायची. दोन दिवस एखादं पोर आलं नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचं. निवृत्त झाले तरी ही सवय गेलेली नाही. कुठेही मुलांची यादी दिसली की मी ती मनात मोठ्याने वाचते.

लेक ल्योंला राहते. मागच्या वर्षी फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "आई, इथून दीड तासावर इझिओ नावाच्या गावात एक घर आहे. तिथून १९४४ साली जर्मनांनी चव्वेचाळीस ज्यू मुलं उचलून नेली. आता ते घर राष्ट्रीय स्मारक आहे." पुढे तिने हेही सांगितलं की फ्रान्समध्ये यासाठी सरकारी स्मृतिदिन असतो. १६ जुलैला रविवार असेल तर त्याच दिवशी, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी. २०२३ मध्ये १६ जुलै रविवारीच येत होता. मी म्हटलं, मग त्या सुमाराला येते.

या दिवसाचं नाव लांबलचक आहे. 'फ्रेंच राज्याच्या वंशद्वेषी आणि ज्यूद्वेषी गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या स्मृतीचा आणि फ्रान्समधल्या न्यायी माणसांना मानवंदना देण्याचा राष्ट्रीय दिवस.' मला ही लांबी आवडली, कारण तिच्यात गुन्हेगाराचं नाव आहे. 'फ्रेंच राज्य' म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेलं मार्शल पेतांचं व्हिशी सरकार. त्याच्या पोलिसांनी जर्मनांच्या वतीने ज्यू माणसं पकडून दिली. हे कबूल करायला देशाला पन्नास वर्षं लागली. १९९३ च्या अध्यादेशाने दिवस पाळायला सुरुवात झाली, पण त्यात 'फ्रेंच राज्य म्हणवणारी सत्ता' अशी सावध भाषा होती. १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी फ्रान्सची जबाबदारी उघडपणे मान्य केली. मग १० जुलै २००० च्या कायद्याने दिवसाला आजचं नाव मिळालं आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवलं, त्यांची आठवणही त्याला जोडली गेली. हा दिवस फक्त मुलांचा नाही. पण जिथे जिथे गेले, तिथे मुलंच समोर उभी राहिली.

आज दुपारी मोंल्युकचा तुरुंग पाहिला. शहराच्या मधोमध, उंच भिंतींच्या आत. क्लाउस बार्बी ल्योंमधल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, प्रमुख असताना इथे हजारो माणसं डांबली गेली. प्रतिकार चळवळीचा नेता जां मुलँ इथेच होता. आणि ६ एप्रिल १९४४ च्या रात्री इझिओच्या घरातली मुलं इथे होती. दोन-अडीच पावलं रुंदीची कोठडी. आत जाऊन उभी राहिले आणि लगेच बाहेर आले.

युद्धानंतर बार्बी बोलिव्हियात नाव बदलून राहत होता. बिआते क्लार्सफेल्ड या बाईंनी त्याचा माग काढला. १९७२ मध्ये त्या इझिओच्या मुलांपैकी काहींच्या आईला सोबत घेऊन ला पाझला गेल्या आणि दोघींनी तिथल्या रस्त्यावर एका बाकाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. पुढे अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, बार्बीला फ्रान्सच्या ताब्यात दिलं गेलं आणि पहिले काही दिवस त्याला मुद्दाम याच मोंल्युकमध्ये ठेवलं. १९८७ च्या ११ मेपासून ४ जुलैपर्यंत ल्योंच्या न्यायालयात खटला चालला, जन्मठेप झाली. न्यायालयाची ती चोवीस खांबांची इमारत संध्याकाळी सोन नदीच्या पलीकडून पाहिली. त्या खांबांमधून मुलांच्या आया साक्षीला आत गेल्या होत्या. पोरं गेल्यावर त्रेचाळीस वर्षांनी.

गुरुवार, १३ जुलै. इझिओ

सकाळी आठला निघालो. जावई नातवाला घेऊन घरी राहिला. नातू चार वर्षांचा आहे आणि लेक त्याला आज आणायला तयार नव्हती. मीही आग्रह केला नाही.

शांबेरीच्या दिशेने महामार्ग, मग लहान रस्ते. ऱ्होन नदी ओलांडली की डोंगर जवळ येतात. ब्रेन्यी-कोर्दों नावाच्या गावात तिठ्यावर एक उंच दगडी स्तंभ आहे, १९४६ साली उभारलेला. त्या दिवशी मुलांना घेऊन निघालेले ट्रक याच गावात थांबले होते. मुलांमधला एक ज्यू नव्हता. त्याच्या नात्यातली बाई इथे कामाला होती, तिच्यामुळे तो खाली उतरला आणि वाचला. बाकीचे ट्रकमध्येच राहिले. इथून चढ लागतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं आणि गवत. वर लेलिना नावाची वाडी आणि तिच्या टोकाला ते घर.

घर मोठं, फिकट भिंतींचं, खिडक्यांना लाकडी झडपा. समोर अंगण, अंगणात पाण्याचा दगडी हौद. अंगणाच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली ऱ्होनचं खोरं आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा. मी तिथे बराच वेळ उभी होते. इथे राहणाऱ्या जॉर्जी हाल्पर्न नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने आईला पत्र लिहिलं होतं की इथे सुंदर डोंगर आहेत, वरून ऱ्होन वाहताना दिसते, फार छान दिसतं. जॉर्जी व्हिएन्नाचा. पत्रात त्याने जे पाहिलं ते मी पाहत होते. नदी तशीच वळण घेऊन जाते.

साबीन आणि मिरों झ्लातिन या जोडप्याने मे १९४३ मध्ये इथे वसतिगृह सुरू केलं. साबीन पोलंडात जन्मलेल्या, रेड क्रॉसची परिचारिका. दक्षिण फ्रान्समधल्या छावण्यांतून त्यांनी मुलं बाहेर काढली होती. कुणाचे आईबाप आधीच आगगाडीत घालून नाझींच्या मृत्युछावण्यांकडे पाठवलेले, कुणाचे लपलेले. बेलेचे उपप्रांताधिकारी पिएर-मार्सेल विल्त्झेर यांनी त्यांना ही जागा मिळवून दिली, शिधापत्रिका दिल्या, पुढे सरकारी शिक्षिकाही दिली. एका अधिकाऱ्याने खुर्चीवर बसून काय काय करता येतं, याचा हा नमुना माझ्या मनात कायमचा राहणार. तेव्हा हा भाग इटालियन सैन्याच्या ताब्यात होता आणि इटालियन ज्यूंना जर्मनांच्या हाती देत नव्हते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मन आले. तरी घर चालूच राहिलं. सगळी मिळून १०५ मुलं या घरात राहून गेली. बरीचशी पुढे दुसरीकडे, काही सीमेपार पोहोचली.

आतल्या भोजनगृहात भिंतीवर मुलांची पत्रं आणि चित्रं. मुलांनी कागदाच्या लांब पट्टीवर एकामागून एक चित्रं काढून स्वतःचा 'सिनेमा' बनवला होता. जहाजं, घोडे, राजपुत्र. रंग अजून ताजे वाटतात. मुलांच्या चित्रांत माझं आयुष्य गेलंय. कुठलं मूल घाई करतं, कुठलं कडेच्या बाहेर रंग जाऊ देत नाही, हे हात बघून कळतं. मी लेकीला म्हटलं, "हे चित्र काढणाऱ्याला शेजारच्याने पाण्याची वाटी उलटी केली असती ना, तर तो रडला असता." तिने माझा हात धरला.

अकरा वर्षांच्या एका मुलीने देवाला लिहिलेलं पत्रही इथे सापडलं. आपल्याला चांगलं घर दिलंस म्हणून आभार आणि एकच मागणं की माझ्या आईबाबांना परत आण. मी लेकीला म्हटलं, पुढचं नको वाचूस.

वर वर्गखोली आहे. इथे मात्र माझे पाय थबकले. बाकं, फळा, शाईची दौत ठेवायला बाकाला पाडलेलं भोक. असल्या बाकावर मी स्वतः शिकले. ऑक्टोबर १९४३ मध्ये गाब्रिएल पेरिए ही २१ वर्षांची मुलगी इथे शिक्षिका म्हणून रुजू झाली. बहुधा पहिलीच नेमणूक. लहानमोठे सगळे एका खोलीत, एकशिक्षकी शाळाच म्हणायची. कुणाची मातृभाषा जर्मन, कुणाची पोलिश, कुणी अल्जीरियात जन्मलेलं. त्यांना फ्रेंच व्याकरण शिकवायचं. मी पहिल्या नेमणुकीला गेले तेव्हा २२ ची होते. चौथीपर्यंतचे चार वर्ग एका खोलीत होते आणि रात्री झोप लागत नसे. त्या पोरीची कल्पना मला करता येते. तिच्या वर्गातली मुलं कोण आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

६ एप्रिल १९४४. ईस्टरपूर्वीचा गुरुवार, सुट्टीचा पहिला दिवस. शिक्षिका आपल्या घरी गेलेली. साबीन झ्लातिन मोंपेलिएला, धोका वाढल्यामुळे मुलांसाठी नवी जागा शोधायला गेलेल्या. सकाळी मुलं न्याहारीला बसत होती, तेवढ्यात दोन ट्रक आणि एक मोटार अंगणात आली. घरात डॉक्टर होऊ पाहणारा लेओं रेफमान हा तरुण त्याच सकाळी आला होता. त्याने खिडकीतून उडी मारली, झुडपांत लपला आणि शेतकऱ्यांच्या मदतीने वाचला. त्याचे आईवडील, डॉक्टर असलेली बहीण आणि लहान भाचा पकडले गेले. ४४ मुलं आणि ७ मोठी माणसं गेली. त्याच संध्याकाळी बार्बीच्या सहीने पॅरिसला तार गेली. तिची प्रत इथे आहे. इझिओचं ज्यू बालगृह रिकामं केलं, ३ ते १३ वयाची ४१ मुलं पकडली, रोकड किंवा मौल्यवान वस्तू मिळाल्या नाहीत.

एक्केचाळीस. मी लेकीला आकडा दोनदा विचारला. चव्वेचाळीस मुलं होती आणि सर्वांत मोठी १७ वर्षांची. उचलून नेणाऱ्याने धड मोजलंही नव्हतं. माझ्या वर्गातला पट तीनाने चुकला असता तर मला घास गिळला नसता. याच तारेच्या कागदाने पुढे १९८७ मध्ये बार्बीविरुद्ध साक्ष दिली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ज्या १९४३ मध्ये हे घर उघडलं, त्याच वर्षी आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी सुरू झाली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना पोलंडातून सोव्हिएत फौजांनी हुसकावून सैबेरियाकडे नेलं होतं. त्यांची हकिगत वेगळी, धर्मही बहुतेकांचा कॅथलिक. माझी आजी त्या छावणीत दूध घालायची. "गोरी पोरं पंचगंगेत उड्या मारायची," असं सांगायची. ती छावणी १९४८ पर्यंत टिकली. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा खांब आहे. त्या खांबाशेजारून मी कितीदा गेले आणि तो कशाचा आहे हे कधी विचारलं नाही. इझिओच्या अंगणात हौदाच्या कडेला बसले तेव्हा आजीचं ते वाक्य सारखं आठवत राहिलं. त्याच वर्षांत एका नदीकाठी मुलं पाण्यात उड्या मारत होती आणि दुसऱ्या नदीकाठच्या मुलांकडे एकच उन्हाळा होता.

निघण्यापूर्वी मी पिशवीतून वही काढली. मुलांची नावं वयांसह लावलेली आहेत. ती सगळी देवनागरीत उतरवून घेतली. एकेका अक्षराशी झगडत, पोलिश नावं, जर्मन नावं, अरबी वळणाची आडनावं. लेक बाहेर गाडीशी फोनवर होती, म्हणून मनानेच उच्चार लावले. अर्धा-पाऊण तास गेला. सर्वांत धाकट्याचं नाव शेवटी लिहिलं. वय ४.

शुक्रवार, १४ जुलै

राष्ट्रीय सण. सकाळी दूरदर्शनवर पॅरिसचं संचलन पाहिलं. यंदा आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते आणि आपल्या तिन्ही दलांची तुकडी शाँझेलिझेवरून चालली. ऊर भरून आला. दुपारच्या गाडीने दोन तासांत पॅरिस. रात्री आयफेल टॉवरच्या आतषबाजीचे आवाज खोलीपर्यंत येत होते, पण मी लवकर आडवी झाले.

शनिवार, १५ जुलै. मारे

शोआ स्मारक शनिवारी बंद असतं, कारण साब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणून आज ते जिथे आहे त्या पॅरिसच्या मारे भागातल्या गल्ल्या पायी फिरलो. शोआ हा हिब्रू शब्द. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराला फ्रान्समध्ये हाच शब्द वापरतात.

पॅरिसच्या शाळांच्या दारांवर काळ्या पाट्या आहेत. या शाळेत शिकणारी मुलं ज्यू म्हणून जन्माला आली एवढ्याचसाठी पाठवली गेली, नाझींच्या हातून आणि व्हिशी सरकारच्या सक्रिय सहभागाने मारली गेली. फ्रान्समधून अशी अकरा हजारांहून जास्त मुलं गेली. पहिली पाटी वाचून मी फोटो काढला. चौथ्या पाटीनंतर काढणं थांबवलं. शाळा इतक्या जवळजवळ आहेत की एकीची पाटी वाचून कोपरा वळलं की दुसरीची.

हॉस्पितालिएर-सँ-जेर्वे या गल्लीतल्या मुलांच्या शाळेवरची पाटी मात्र वेगळी. या एका शाळेतली १६५ ज्यू मुलं. खाली फक्त 'विसरू नका'. जोझेफ मिन्यरे इथे मुख्याध्यापक होते. १ ऑक्टोबर १९४२ ला सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ज्यू मुलांपैकी चारच आली, असं इथे सांगतात. एवढ्यावर कुणीही खचलं असतं. मिन्यरेंनी खोटी कागदपत्रं जमवली, मुलं लपवली, एका कुटुंबाला स्वतःच्या घरात आसरा दिला. इस्राएलने त्यांना 'न्यायी' हा मान दिला. त्यांच्या स्मरणार्थही शाळेच्या दारात पाटी आहे.

शाळेच्या दारातून आत पटांगण दिसत होतं. सुट्टीमुळे कुणी नव्हतं. मी मिन्यरेंना मनातून नमस्कार केला. गुरुजी हा शब्द मी आयुष्यभर ऐकला आणि वापरला, आज तो तिथे उभ्या उभ्या परत मिळाल्यासारखा झाला.

रात्री लेकीने मला पोलिसांच्या कार्डांची गोष्ट सांगितली. १९४० च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ज्यूंना पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवायला सांगितलं गेलं. कायदा पाळणारी माणसं, गेली, रांगेत उभी राहिली. आंद्रे त्युलार या अधिकाऱ्याने त्यातून कार्डांची यादी तयार केली. नाव, पत्ता, धंदा, नागरिकत्व, सगळं रचून. १९४२ च्या जुलैत तीच कार्डं पोलिसांच्या हातात देऊन त्यांना दारोदार धाडलं. मला उशिरापर्यंत झोप आली नाही. नाव, वय, पालकाचं नाव, पत्ता. माझ्या हजेरीपटातही हेच रकाने होते.

रविवार, १६ जुलै. ग्रनेल

बीर-हाकेम स्थानकावर उतरलो. मेट्रो इथे उंचावरून जाते. शेजारी सेन नदी, मागे आयफेल टॉवर, पर्यटकांची रीघ. पाच मिनिटांवर व्हेल दिव्ह होतं, हिवाळ्यातल्या सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान. १९५९ मध्ये ते पाडलं.

१६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि आसपास १३,१५२ ज्यूंना पकडलं. ३,११८ पुरुष, ५,९१९ बायका आणि ४,११५ मुलं. पकडणारे फ्रेंच पोलीस. जर्मनांनी तेव्हा सोळा वर्षांखालची मुलं मागितली नव्हती. पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनीच सुचवलं की मुलांनाही घ्या. कुटुंबं तोडू नयेत, असं त्याचं कारण देण्यात आलं. ज्यांची कुटुंबं होती त्यांना या मैदानात कोंडलं. आठ हजारांवर माणसं, जुलैचा उकाडा, बंद खिडक्या, पुरेसं पाणी नाही, बहुतेक संडास निकामी. तिथून पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांदच्या छावण्यांत नेलं आणि तिथे आईपासून मुलं ओढून काढली. आया आधी पोलंडातल्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीत, मुलं मागाहून. कुटुंब तोडू नये म्हणणाऱ्यांनी हे केलं. हे लिहिताना माझा हात अजून थरथरतो.

एवढं असूनही पोलिसांच्या कार्डांवरच्या सत्तावीस हजारांवर नावांपैकी अर्ध्याहून जास्त माणसं सापडली नाहीत. कुणा पोलिसाने आदल्या रात्री कानावर घातलं, कुणा शेजारणीने दार उघडलं. या दिवसाच्या नावात 'न्यायी' हा शब्द त्यांच्यासाठी आहे.

कार्यक्रम नदीकाठच्या चौकात होता. आम्ही कठड्यामागे उभे होतो. आत खुर्च्यांवर पांढऱ्या केसांची माणसं बसली होती. त्या जुलैत जी सात-आठ वर्षांची होती, ती आता नव्वदीला टेकलीत. चौकातलं शिल्प वॉल्टर स्पिट्झर यांचं, ते स्वतः ऑशविट्झमधून वाचलेले. सायकलच्या धावपट्टीसारखा वाकलेला चौथरा, त्यावर बोचकी घेऊन बसलेली माणसं, बाहुली घेतलेली एक लहान मुलगी. भाषणं झाली, पुष्पचक्रं वाहिली, मौन पाळलं गेलं. वरून मेट्रो खडखडत गेली, कुणी हललं नाही. मग राष्ट्रगीत. परवाच्या संचलनातही तेच वाजलं होतं. आज ते हळू आवाजात गायलं गेलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या, काठी खुर्चीला टेकवली आणि शेवटपर्यंत ताठ उभ्या होत्या.

शाळेत मी किती जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या केल्या असतील! हार, भाषण, दोन मुलांची पाठ केलेली मनोगतं. मनापासून केल्या, तरी कुठलंही राष्ट्र आपल्याच हातून झालेल्या पापाचा दिवस पाळतं, हे मी इथे पहिल्यांदा पाहिलं. सरकार आपल्याच पोलिसांचं नाव घेऊन मान खाली घालतं, म्हणून या दिवसाला माझ्या लेखी इतकं मोल आहे.

मागच्या नेलातों गल्लीत, मैदान जिथे होतं तिथे, २०१७ पासून मुलांच्या स्मृतीची बाग आहे. भिंतीवर ४,११५ नावं. संख्या वाचताना चार सेकंद लागतात. भिंतीपाशी बोट फिरवत मी वाचायला लागले तर वीस मिनिटांत एक कोपराही पुरा झाला नाही. एकाच आडनावाखाली चार, पाच, सहा नावं. त्या घरात आईची सकाळ कशी जात असेल, कुणाला आधी आंघोळ, कुणाची वेणी, एवढंच डोक्यात येत राहिलं. ही नावं सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी अनेक वर्षं जुने कागद चाळून गोळा केली. त्यांचे स्वतःचे वडील ऑशविट्झला गेले होते. पाठवणी करताना केलेल्या याद्याच त्यांनी हाती घेतल्या आणि त्यांतून एकेका मुलाला परत नाव, वय, पत्ता दिला, मग छायाचित्र शोधलं. रात्री मला ज्या रकान्यांनी झोपू दिलं नव्हतं, तेच रकाने.

दुपारी शोआ स्मारकात ती छायाचित्रं पाहिली. मंद उजेडाच्या खोलीत चारी भिंतींवर सुमारे तीन हजार मुलं. सणाचे कपडे घालून स्टुडिओत काढलेले फोटो, समुद्रकाठचे फोटो, शाळेचे फोटो. एका फोटोत तीन भावंडं उंचीप्रमाणे उभी आहेत आणि मधल्याचा एक मोजा खाली घसरलाय. आईने फोटोच्या आधी नक्की वर ओढला असणार.

सोमवार, १७ जुलै. द्रांसी

आगगाडी, मग बस. द्रांसी हे पॅरिसचं उपनगर. सिते द ला म्युएत ही इंग्रजी 'यू' आकाराची चार मजली वसाहत, मध्ये लांब हिरवळ. युद्धाआधी गरिबांच्या घरांसाठी बांधायला घेतलेली, अर्धवट असतानाच ती छावणी झाली. फ्रान्समधून पाठवलेल्या सुमारे ७६,००० ज्यूंपैकी ६३,००० जण इथूनच गेले. आज इथे लोक राहतात. बाल्कनीत कपडे वाळत होते, एक मुलगा सायकल घेऊन गोल गोल फिरत होता. पहिल्यांदा मला ते पाहवलं नाही. मग वाटलं, घरं राहण्यासाठीच बांधली होती.

समोरच्या स्मारकाच्या काचेतून ही वसाहत अख्खी दिसते. तिथे १९४२ च्या ऑगस्टची हकिगत ऐकली. पितिव्हिए आणि बोनहून मुलं आणली तेव्हा आई-वडील सोबत नव्हते. दोन-तीन वर्षांच्या पिल्लांना आपलं नाव सांगता येत नव्हतं. कुणाच्या कपड्यावर लिहिलेलं नाव पुसलं होतं. मोठी बहीण किंवा भाऊ बरोबर असला तर तो सांगे. नाहीतर यादीत त्या जागी प्रश्नचिन्ह.

बालवाडीत पहिल्या दिवशी नाव विचारलं की अशी मुलं 'बाळ' म्हणतात, 'सोनू' म्हणतात, नाहीतर आईच्या पदरात तोंड लपवतात. दाराशी उभ्या आईकडे बघून आपण खरं नाव लिहून घेतो. इथे दारात आई नव्हती.

इझिओची मुलंही एप्रिल १९४४ मध्ये इथे आली. ४४ पैकी ३४ जण १३ एप्रिलच्या, ७१ व्या गाडीने ऑशविट्झला गेले, बाकीचे पुढच्या गाड्यांनी. ४२ मुलं तिथे वायूने मारली गेली. दोन मोठे मुलगे आणि मिरों झ्लातिन यांना एस्टोनियात गोळ्या घातल्या. पकडलेल्या सगळ्यांमधून लेआ फेल्डब्लुम ही एकटी परत आली. ती मुलांची ताई होती. तिच्याकडे दुसऱ्या नावाची कागदपत्रं होती, पण मुलांची साथ सुटू नये म्हणून तिने आपण ज्यू असल्याचं सांगून टाकलं.

वसाहतीच्या तोंडाशी शिल्पाच्या मागे रुळाच्या तुकड्यावर मालगाडीचा एक डबा उभा आहे, त्या काळचा. सावली त्याच्याच बाजूला होती, म्हणून तिथे टेकलो. मी वही काढली आणि गुरुवारी उतरवलेली नावं वाचायला लागले. मोठ्याने नाही, पण वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढ्या आवाजात. नाव, मग वय. नाव, मग वय. लेक शेजारी बसून ऐकत होती. मध्येच एखादा उच्चार चुकला की सांगायची, मी पेन्सिलीने वहीत दुरुस्त करायची. जॉर्जीचं नाव आलं तेव्हा तो सायकलवाला मुलगा जवळ येऊन थांबला, थोडा वेळ ऐकलं आणि गेला.

शेवटचं नाव मी आल्बर्ट असं लिहिलं होतं.

"शेवटचा ट नाही म्हणायचा, आई," लेक म्हणाली. "आल्बेर."

मी ते खोडून वर लिहिलं आणि पुन्हा घेतलं. आल्बेर बुल्का, वय ४.